पहिला पाना कुठल्या टर्मिनलला?

मागच्या आठवड्यात कळंबोलीत स्टील मार्केटजवळ एका ट्रेलरच्या ड्रायव्हरशी बोलत उभा होतो. माणूस बीडकडचा, पन्नाशी उलटलेला. डाव्या मनगटाभोवती भाजल्याचा गोल वण दिसला. म्हटलं, "मामा, हे कशानं?"

"कडं होतं साहेब. बॅटरी काढताना एका बाजूनं प्लसला टेकलं, दुसऱ्या बाजूनं पत्र्याला. बघता बघता लाल झालं. काढता पण येईना."

तेव्हा त्यांना गाडी चालवून बावीस वर्षं झाली होती. तोवर कधी कोणी सांगितलंच नव्हतं की मायनस आधी काढायची.

बॅटरी काढायची वेळ येते कशाला? एक तर चोरी. चेसिसच्या बाजूला लटकलेल्या पेटीतल्या दोन बॅटऱ्या म्हणजे भंगारात लगेच विकलं जाणारं शिसं. गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर बरेच जण बॅटऱ्या काढून केबिनमध्ये ठेवतात. दुसरं म्हणजे माल भरायला दिवसेंदिवस थांबायचं, त्यात पंखा, लाईट चालू, मग बॅटरी उतरते आणि सेल्फ लागत नाही. हे सगळं होतं अंधारात, मोबाईलच्या उजेडात.

आता नीट बघा. मोठ्या ट्रकची वायरिंग 24 व्होल्टची असते, म्हणून 12च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. पहिलीची मायनस चेसिसला. पहिलीच्या प्लसवरून छोटी केबल दुसरीच्या मायनसला. दुसरीची प्लस सेल्फकडे. म्हणजे गाडीचा अख्खा सांगाडाच मायनस. अशात तुम्ही प्लसचा नट आधी ढिला करायला घेतला आणि पाना पत्र्याला लागला, की झालं. 24 व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही, त्यामुळे सगळे निर्धास्त असतात. पण सेल्फ फिरवायला याच बॅटऱ्या शेकडो अँपिअर देतात, तेवढा करंट पान्यातून गेला तर पाना तिथंच चिकटतो. त्यात चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगीला पेटतो. बॅटरी फुटून तोंडावर ॲसिड उडण्याचे प्रकार होतात ते असे.

म्हणून क्रम असा. किल्ली बंद, सगळे लाईट बंद, मेन स्विच असेल तर तोही बंद. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ खिशात. आधी चेसिसला गेलेली मायनस काढायची आणि तिच्या टोकाला फडकं गुंडाळायचं. मग प्लस, शेवटी मधली केबल. बसवताना उलटं: मधली, प्लस, आणि चेसिसची मायनस सगळ्यात शेवटी. बीएस-6 गाडी असेल (एप्रिल 2020 नंतरच्या सगळ्या तशाच) तर किल्ली बंद केल्यावर थोडं थांबा. युरियाचा पंप पाईपमधला युरिया टाकीत परत ओढत असतो. किती मिनिटं, ते गाडीच्या पुस्तकात असतं. पुस्तक मालकाच्या घरी कपाटात असतं, ते वेगळं.

आणि ती जुनी युक्ती, इंजिन चालू ठेवून बॅटरी काढायची नि शेजारच्या गाडीला लावायची, ती आता बंद करा. बॅटरी निघाली की डायनॅमोचा व्होल्टेज उसळतो आणि ईसीएम उडतो. त्या खर्चात बॅटऱ्यांची नवी जोडी येईल. जोडीचंही तेच, एक नवी आणि एक जुनी चालत नाही. एकाच बॅटरीवरून टेपसाठी 12ची वायर काढली तर तीच बॅटरी आधी मरते.

पूर्वी हे क्लिनर असताना पोरगा शिकायचा. उस्ताद दोन शिव्या घालायचा, पण कुठली केबल आधी हे डोक्यात बसायचं. आता भाड्यात परवडत नाही म्हणून बऱ्याच गाड्यांवर क्लिनरच नाही. ती शाळा बंद पडली आणि तिच्या जागी आपण काहीच आणलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरकारी अभ्यासक्रमात गाडीची देखभाल हा भाग आहे. मी विचारलेल्या सात-आठ ड्रायव्हरपैकी एकालाही तो शिकवलेला आठवत नव्हता.

2019 मध्ये केंद्रानं ट्रक ड्रायव्हरसाठी आठवी पासची अट काढली. बरोबर केलं, माझा त्याला पाठिंबाच होता. पण मग बारीक इंग्रजीतल्या सूचना कोणासाठी छापता? ऑक्टोबर 2025 पासूनच्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, तीही एका अधिसूचनेनं. बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर आतून एक चित्र लावायला त्याच्या शंभरावा भागही खर्च नाही. आणि ट्रक जिथं मुक्कामाला थांबतात तिथं एक दिवा आणि पाण्याचा नळ. डोळ्यात ॲसिड गेलं तर पंधरा-वीस मिनिटं धुवायला पाणी लागतं, रात्री दोनला हायवेच्या कडेला ते आणायचं कुठून? न्हावा शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं. साडेतीन दशकांनंतर मागतोय काय, तर नळ.

चित्र माझ्या भाच्यानं काढून दिलंय: दोन चौकोन, तीन केबली, वर 1-2-3. सोमवारी वाशी आणि पनवेल, दोन्ही आरटीओ कार्यालयांत अर्जासोबत देणार आहे. वाहतूकदार संघटनेतल्या कोणाला सही करायची असेल तर रविवारपर्यंत फोन करा. गॅरेजवाल्यांनी चित्र तसंच छापून भिंतीला लावलं तरी चालेल, माझं नाव टाकायची गरज नाही.