खेळाची हजेरी मस्टरवर लागली पाहिजे

कंपनीचा संघ म्हटला की डोळ्यांपुढे पुरुषच येतात. मुंबईच्या टाइम्स शील्डमध्ये टाटा, मफतलाल, निर्लॉन, स्टेट बँक असे संघ वर्षानुवर्षे क्रिकेट खेळले. गिरणगावात कबड्डीत चांगली चढाई करणाऱ्या पोराला गिरणीत चिकटणे सोपे जाई. कंपनीचे नाव पेपरात येई, खेळाडूला बांधलेला पगार आणि सरावासाठी मोकळीक मिळे. दोघांचाही फायदा होता म्हणून हे टिकले. या फायद्यातला बायकांचा वाटा आपण मागितला पाहिजे. आपल्याच बैठकांत ‘खेळ ही चैन, आधी वेतनाचे बोला’ असे म्हटले जाते, ते मला पटत नाही.

वाटा मिळाला की काय होते ते रेल्वेत दिसते. भारताच्या माजी कर्णधार डायना एडलजी पश्चिम रेल्वेत नोकरीला होत्या. रेल्वेच्या महिला क्रिकेट संघाने देशातल्या स्पर्धा किती वेळा जिंकल्या याची गणतीच नको. बीसीसीआयने महिला क्रिकेट हाती घेतले ते २००६ साली. त्याआधी नुसत्या खेळावर बाईचे पोट भरत नव्हते, रेल्वेचा पगार होता म्हणून अनेकजणी टिकल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या चमूतल्या प्रतिका रावल, रेणुका ठाकूर आणि स्नेह राणा या रेल्वेच्याच कर्मचारी. महिन्याला पगार आणणाऱ्या मुलीला ‘आता खेळ पुरे, लग्नाचे बघ’ म्हणायला घरचेही जरा कचरतात.

पण या झाल्या निवडक खेळाडू. साध्या कामगार बाईच्या वाट्याला काय येते? आठ मार्चला लिंबू-चमचा, संगीतखुर्ची आणि रांगोळी.

पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत मी काम करते. तिथल्या एका कारखान्यात बायकांचा कबड्डीचा संघ निघाला. कायम बायका पुरेशा नव्हत्या, म्हणून कंत्राटी मुलीही घेतल्या. पहिली पाळी सुटली की शेडमागच्या मोकळ्या जागेत सराव. सुरुवातीला ओढणी सावरण्यातच वेळ जाई. महिन्याभरात एकमेकींच्या कमरेला धरून पाडायला लागल्या. मॅनेजर खूश होते: खाडे कमी झाले, दोन लायनींमधली भांडणे मिटली असे ते सांगत. बायकांचा फायदा वेगळाच झाला. सरावानंतर पाणी पिता पिता पगाराच्या स्लिपा एकमेकींना दाखवल्या गेल्या. एकाच मशीनवर तेच काम करणाऱ्या दोघींच्या पगारात किती अंतर आहे ते कळले. लघवीला जायला सुपरवायझर सोडत नाही ही तक्रार प्रथमच आठ-दहाजणींनी मिळून केली. (मालकांना ‘टीम’ हा शब्द फार आवडतो, युनियन आवडत नाही, टीममधूनही बायका एकमेकींशी बोलू लागतात हे त्यांच्या ध्यानात उशिरा येते.) पुढच्या वर्षी कंत्राटी मुलींना वगळले. कारण सांगितले, दुखापत झाली तर जबाबदारी कोणाची? पुरुषांच्या संघाचा सराव मात्र कामाच्या तासांत धरला जात होता, आणि बायकांना ‘आवड असेल त्यांनी थांबा’. थांबले की कंपनीची बस चुकते, घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या असतात त्या वेगळ्याच.

म्हणून मला वाटते, संघटनांनी पुढच्या मागणीपत्रकात हे घालावे: सरावाचे तास ड्यूटीत धरा, कंत्राटी बायकांना संघात घ्या आणि त्यांच्या दुखापतीची जबाबदारी लेखी द्या, मैदानाजवळ संडास आणि कपडे बदलायची खोली बांधा, उशिराची बस सोडा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागाही येते, हे फार थोड्या तक्रार समित्यांना ठाऊक असते. २०२३ साली जंतरमंतरवर बसलेल्या महिला कुस्तीगिरांत साक्षी मलिक होत्या, त्याही रेल्वेच्या नोकरीत. सामन्यासाठी बाहेरगावी जाणाऱ्या संघाबरोबर कोण जाणार, मुक्काम कुठे, तक्रार कोणाकडे, हे समितीने संघ निघण्याआधी विचारावे.

तुमच्या भागातल्या कारखान्यात, बँकेत किंवा इस्पितळात बायकांचा संघ असेल, तर त्यांचा सराव किती वाजता होतो आणि तेवढा वेळ मस्टरवर लागतो का, एवढे आधी विचारून या.