‘रुचिभेद’ नावाची पळवाट

मराठी समीक्षेच्या व्यवहारात काही शब्द असे आहेत की ते उच्चारले जाताच चर्चा संपते. ‘रुचिभेद’ हा त्यांपैकी सर्वांत सभ्य शब्द. परिसंवादात कुणी मणी कौलचे नाव काढावे, दुसऱ्याने ‘कंटाळवाणा’ म्हणून ते बाजूला सारावे, तिसऱ्याने दादा कोंडके यांचा विषय काढताच सभागृहात किंचित हसू पसरावे, आणि अध्यक्षांनी शेवटी ‘हा अखेर रुचिभेदाचा प्रश्न आहे’ असे सांगून चहापानाची घोषणा करावी, हा क्रम आता रूढ झाला आहे. कुणीच कुणाचा अपमान केलेला नसतो आणि कुणी कुणाला उत्तरही दिलेले नसते. या सभ्यतेविषयी माझी तक्रार आहे. ज्या ठिकाणी समीक्षेला सुरुवात व्हायला हवी नेमक्या त्या ठिकाणी हा शब्द तिला निरोप देतो, आणि तरीही तो सहिष्णुतेचा शब्द म्हणून मिरवतो.

या शब्दामागे कालिदासाचा आधार सांगितला जातो, म्हणून तो संदर्भ एकदा नीट पाहणे आवश्यक आहे. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवराचा प्रसंग आहे. सुनंदा एकेका राजाचे वर्णन करीत तिला पुढे नेते. अंगराजापाशी इंदुमती थांबत नाही, तेव्हा कवी रुचिभिन्नतेचे ते सुप्रसिद्ध विधान करतो. पण त्या विधानाआधी तो दोन गोष्टी स्पष्ट करतो, ज्या आपण सोयीस्करपणे गाळतो. तो राजा स्पृहणीय नव्हता असे नाही. आणि तिला नीट पारखता येत नव्हते असेही नाही. वस्तू गुणवान आहे आणि पाहणारी पारखी आहे, या दोन अटी पूर्ण झाल्यानंतरच कवी रुचिभेदाकडे वळतो. म्हणजे परीक्षण संपल्यावर जे उरते त्याला कालिदास रुचिभेद म्हणतो. परीक्षण टाळण्यासाठी तो शब्द वापरण्याची सोय त्याने कुठेही ठेवलेली नाही.

या दोन अटी आपल्या व्यवहाराला लावून पाहिल्या तर काय दिसते? मोहन राकेश यांच्या कथेवरचा ‘उसकी रोटी’ (१९७०) घ्यावा. बालो आपल्या बसचालक नवऱ्यासाठी भाकरी बांधून हमरस्त्यावर येते आणि वाट पाहते. कथानक म्हणून सांगायचे तर जवळजवळ एवढेच. हा चित्रपट ‘लोकांना आवडला नाही’ हे वाक्य आपण अर्धशतकाहून अधिक काळ ऐकत आलो आहोत. पण कोणत्या लोकांना? फिल्म सोसायट्यांचे सभासद, महोत्सवांना जाणारे आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थी सोडले तर तो पाहण्याची संधीच किती जणांना मिळाली? फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने चित्रपटांना पैसा पुरवला, परंतु ते दाखवण्यासाठी चित्रगृहांची साखळी काही उभी राहिली नाही. जे ताटात वाढलेच नाही ते लोकांनी नाकारले असे म्हणणे हा रुचिविचार नव्हे, हा वितरणाचा हिशेब लपवणे आहे.

ज्यांनी तो पाहिला त्यांच्या कंटाळ्याचे काय, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. कंटाळा हा खोटा अनुभव नाही आणि तो येणाऱ्याला अडाणी ठरवणे हा कलावादी मंडळींचा जुना उद्धटपणा आहे. माझे म्हणणे एवढेच की, कंटाळा हा समीक्षेचा आरंभबिंदू असू शकतो, निकाल नव्हे. ‘उसकी रोटी’त बालोचे उभे राहणे, चालणे, हातातले गाठोडे धरणे यांना जो वेळ दिला आहे तो कथेच्या गरजेपुरता नाही. आपण ज्याला ‘काही घडत नाही’ म्हणतो तो तिच्या आयुष्याचा मोठा भाग आहे. नवरा येईल तेव्हा काहीतरी घडणार. तोवर ती आहे, रस्ता आहे आणि धूळ आहे. शिवाय प्रत्यक्ष आणि कल्पित यांतली सीमा दिग्दर्शक पुसत नेतो, त्यामुळे तिची वाट पाहणे हे कुठे घडते आहे, रस्त्यावर की तिच्या मनात, हेही ठरेनासे होते. आता प्रश्न असा विचारता येईल की, या कालविस्ताराने बालोचे दुःख आपल्याला अधिक कळते की तिची एक सुंदर आकृती तेवढी उरते? मला स्वतःला चित्रपटाच्या काही भागांत दुसरी शक्यता बळावताना दिसते. स्त्री तेथे चित्रचौकटीचा घटक होऊन बसते. पण हा आक्षेप घ्यायला चित्रपट पाहावा लागतो, आणि ‘कंटाळवाणा’ या शब्दाच्या पुढे जावे लागते. सत्यजित राय यांनी १९७१ च्या सुमारास या नव्या धारेविषयी शंका व्यक्त करणारा लेख लिहिला. तो मला पुष्कळ ठिकाणी पटत नाही, पण त्यांनी रुचिभेदाचे पांघरूण घेतले नाही, वाद घातला. मराठीत असा वाद किती झाला?

उलट बाजूचे उदाहरण त्याच काळातले आहे. ‘सोंगाड्या’ १९७१ चा. वसंत सबनीस यांच्या लेखणीतून उतरलेला आणि ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्याच्या यशामागोमाग आलेला. मराठी प्रेक्षकाने तो डोक्यावर घेतला. आपल्या समीक्षेने त्याला काय दिले? आरंभी ‘अश्लील’, ‘चावट’ ही विशेषणे, आणि पुढे वारे बदलल्यावर ‘लोकांची नाडी ओळखणारा कलावंत’ ही शाबासकी. दोन्ही प्रतिक्रिया परस्परविरोधी भासतात, पण त्यांची बैठक एकच आहे: तपशिलात जायचे नाही. वगाच्या रंगमंचावर द्व्यर्थी बोलणे समोर बसलेल्या प्रेक्षकाशी चाललेल्या देवघेवीतून उभे राहते. सोंगाड्या अडखळतो, प्रेक्षक दाद देतो, तो पुन्हा सावरतो. पडद्यावर ही देवघेव शक्य नसते. मग ते बोलणे तेथे काय होते? त्याचा रोख कुणावर स्थिरावतो? बावळट भासणारा नायक सत्तेची टर उडवतो हे खरे, पण त्या विनोदाची किंमत पुष्कळदा पडद्यावरची स्त्री चुकवते हेही खरे. ही चिकित्सा ‘सोंगाड्या’ आवडणाऱ्याने करायला हवी होती आणि न आवडणाऱ्यानेही. एकाने नाक मुरडले, दुसऱ्याने ‘ज्याची त्याची आवड’ म्हटले.

या साऱ्यामागे एक शिडी आहे. तळाशी धंदेवाईक चित्रपट, त्यावर ‘समांतर’, त्याहून वर संथ आणि दुर्बोध कलाचित्रपट आणि शेवटच्या पायरीवर अमूर्त चित्रकला. शिकलेल्या माणसाने एकेक पायरी चढत जावे अशी अपेक्षा असते. ही शिडी मकबूल फिदा हुसेन यांच्या उदाहरणापुढे उभी राहत नाही. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेला हा चित्रकार प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आला. १९६७ साली त्याच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या निवेदनविरहित लघुपटाला बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल मिळाले. आणि तोच हुसेन ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) पुन्हा पुन्हा पाहत राहिला. त्याच्या त्या वेडाची संभावना आपण लहर म्हणून केली, कारण शिडीच्या हिशेबात ते बसत नव्हते. फलकावरच्या सपाट, मोठ्या, दुरून वाचता येणाऱ्या आकृतीचा आणि त्याच्या चित्रांतल्या रेषेचा काही संबंध असू शकेल, ही शक्यता शिडी पाहूच देत नाही. अर्थात येथे एक विषमता लक्षात घेतली पाहिजे. वरच्या पायरीवरचा माणूस खाली उतरला तर त्याला उदार म्हणतात. खालच्या पायरीवरच्या माणसाने वर पाहिले, तर त्याला ते ‘कळते’ का याची उलटतपासणी होते.

शेवटच्या पायरीची अवस्था तर अधिक विचित्र आहे. वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, २००१ साली गेले. जिवंतपणी त्यांच्याविषयी मराठीत तुरळक लिहिले गेले. पुढे ‘चिन्ह’ने अगत्याने केलेल्या कामाचा अपवाद आहेच. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींहून अधिक किंमत आली, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये प्रदर्शन झाले, आणि अचानक ‘आपले गायतोंडे’ आपल्याला आवडू लागले. रंगाचे थर चढवत, खरवडत, पुसत जाणारी त्यांची पद्धत, तिच्यातून पृष्ठभागाला येणारी खोली, यांविषयी वर्तमानपत्री मजकुरात शब्द नाही. आकडा मात्र प्रत्येक परिच्छेदात. बाजारभाव हीच जेथे रुची होते तेथे भेदाला तरी जागा कुठे उरते?

अलीकडे पदव्युत्तर वर्गात या सर्वांवर एक तयार उत्तर मिळते: बोर्द्यू. रुची ही वर्गाची खूण आहे, आपण जे निवडतो त्यातून आपण स्वतःला इतरांपासून वेगळे काढतो, हे त्याच्या १९७९ च्या ग्रंथाचे प्रतिपादन महत्त्वाचे आहे याबद्दल दुमत नाही. परंतु ते प्रतिपादन साठच्या दशकातील फ्रान्समधल्या पाहण्यांवर उभे आहे. तेथील शाळा, संग्रहालये आणि घरातून मिळणारा सांस्कृतिक वारसा यांची रचना येथे जशीच्या तशी लागू होत नाही. येथे जात आहे, इंग्रजी आहे, आणि रसिकवर्ग तयार होण्याआधीच सरकारी कर्जावर निघालेला कलाचित्रपटही आहे. शिवाय आमचे विद्यार्थी बोर्द्यू वापरतात तो पाहण्याच्या जागी. ‘हे अभिजनांचे’ म्हटले की चित्र पाहायचे काम संपले! हा रुचिभेदाचाच नवा, परदेशी शिक्क्याचा अवतार आहे.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटेल त्यांनी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) पुन्हा पाहावा. त्यात रुची हाच विषय आहे. बचाव पक्षाचा वकील जॅझ ऐकतो, महागड्या दुकानातून चीज आणि वाइन घेतो. सरकारी वकील बाई घरच्यांसह नाटकाला जातात. परप्रांतीयाची टिंगल करणाऱ्या त्या नाटकाला प्रेक्षागृह मनापासून हसते. लोकशाहीर नारायण कांबळे रस्त्यावरच्या मंचावर गातो. तिघांपुढेही कॅमेरा सारख्याच अंतरावर, सारख्याच शांतपणे थांबतो. ज्या गाण्यासाठी माणूस तुरुंगात जातो आणि ज्या नाटकासाठी माणूस रविवारचे तिकीट काढतो, ती दोन्ही तो न्यायालयाच्या कामकाजासारखी पाहायला लावतो. एका ठिकाणी न्यायालयाच्या खोलीतले दिवे मालवले जातात आणि कॅमेरा काळोखात तसाच राहतो. येथे ‘संथपणा’ ही शैलीची हौस नाही. खटल्याच्या तारखा जशा लांबतात तसा वेळ लांबतो. या चित्रपटावर ‘मला संथ चित्रपट आवडत नाहीत’ हे उत्तर अपुरे आहे, कारण आपली आवड कुठे बसून घडते हेच तो विचारतो आहे.

आणि ‘सैराट’ (२०१६)? त्याचा पूर्वार्ध गाण्यांचा, मंदगती दृश्यांचा, लोकप्रिय चित्रपटाच्या सर्व साधनांचा उघड आनंद घेणारा. उत्तरार्ध हैदराबादच्या वस्तीत, गाण्यावाचून. आणि अखेरीस लहान मूल घरातून बाहेर येते तेव्हा ध्वनीच नाही. नागराज मंजुळे यांनी त्या क्षणी प्रेक्षकाकडून जी शांतता मागितली ती कोणत्याही कलाचित्रपटाने मागितली असती त्याहून कमी नव्हती, आणि तालुक्याच्या गावातल्या चित्रगृहांनी ती दिली. ‘आमच्या प्रेक्षकाला संथपणा झेपत नाही’ म्हणणाऱ्यांनी या शांततेचे स्पष्टीकरण द्यावे. ‘लोकप्रिय म्हणजे उथळ’ म्हणणाऱ्यांनीही द्यावे. चित्रपटावर टीका नाही असे नव्हे. पूर्वार्धातील मोहकतेने शेवटचा आघात धारदार होतो की लोक ती मोहकताच घरी घेऊन जातात, हा प्रश्न मला अजूनही सुटलेला नाही. त्या गाण्यांवर लग्नाच्या वरातींत जो नाच झाला तो पाहिल्यावर तर नाहीच.

रुचीचा प्रश्न गंभीरपणे घेणे म्हणजे काय हे मराठीत यापूर्वी एकदा घडले आहे. दलित साहित्याच्या चळवळीने ‘आमची रुची वेगळी, तुमची वेगळी, दोघेही सुखी राहू’ असा तह केला नाही. प्रस्थापित अभिरुची कशाला सुंदर म्हणते, का म्हणते, तिच्या मागे कोणता समाजव्यवहार उभा आहे, हे तिने विचारले आणि वाचकाने बदलावे अशी मागणी केली. शरच्चंद्र मुक्तिबोधांसारख्या समीक्षकांना आपला मूल्यविचार त्या उजेडात पुन्हा तपासावा लागला. भेद हा तेथे युक्तिवादाचा विषय होता. भरतमुनींनीही रसाचा दृष्टांत जेवणाचाच दिला, पण त्यातला आस्वादक ‘सुमनस’ आहे, म्हणजे मन लावून जेवणारा. ताट पाहून उठून जाणारा नव्हे.

आमच्या विभागांत आता ‘साहित्य आणि चित्रपट’ ही अभ्यासपत्रिका आली आहे. स्वागतार्ह गोष्ट. पण मी पाहिलेल्या प्रश्नपत्रिकांत प्रश्न एकाच साच्याचे असतात: मूळ कथेतील कोणते प्रसंग चित्रपटात गाळले, कोणते वाढवले, सांगा. या प्रश्नाला ‘सोंगाड्या’चे उत्तर देता येत नाही, कारण तेथे महत्त्वाचे आहे ते बोलण्याचे आणि अंगविक्षेपाचे तंत्र. ‘घाशीराम कोतवाल’ नाटकावर वर्षानुवर्षे प्रश्न येतात. १९७६ साली मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांनी मिळून केलेल्या त्याच नावाच्या चित्रपटावर एकही प्रश्न माझ्या पाहण्यात नाही. आणि ‘सतह से उठता आदमी’ (१९८०) तर या साच्यात मुळीच मावत नाही. मराठी घरात वाढून हिंदीत लिहिणाऱ्या गजानन माधव मुक्तिबोधांचे लेखन त्यात आहे, पण गाळलेले आणि वाढवलेले प्रसंग मोजावेत असे कथानक नाही. तो अभ्यासक्रमात लावावा असे मी एका बैठकीत सुचवले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी प्रेमाने समजावले, ‘अहो, मुलांना आवडणार नाही.’ मुलांना तो कुणीही दाखवलेला नव्हता.