फेरी नको, नोंदवही हवी

शाळा-कॉलेजातल्या मुलांनी वस्तीतला कचरा कमी करण्याच्या कामात पडावे असे म्हटले की पहिला आक्षेप हमखास येतो: आम्ही कर भरतो, कचरा ही नगरपालिकेची जबाबदारी आहे. कचरा उचलणे, नेणे आणि त्यावर प्रक्रिया करणे ही तिचीच जबाबदारी आहे, यात वाद नाही. पण ओले आणि सुके वेगळे ठेवण्याची संधी स्वयंपाकघरातच असते. चहाचा चोथा वर्तमानपत्रावर सांडला की रद्दीची किंमत संपते, आणि ती पुढे कुठल्याही यंत्राला परत आणता येत नाही. म्हणूनच 2016च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करण्याचे काम कचरा करणाऱ्यावरच टाकले. ते टाळले की कचरा नाहीसा होत नाही, दुसऱ्याच्या दारात जातो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे शहराजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगी या गावांच्या माथी मारला गेला. 2017च्या उन्हाळ्यात तिथल्या कचरा डेपोला आग लागल्यावर ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा ‘जबाबदारी कोणाची’ हा प्रश्न शहराच्या नाकापर्यंत आला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलांच्या प्रभातफेऱ्या निघतात, फोटो छापून येतात आणि कोपऱ्यावरचा ढीग तसाच राहतो; शिवाय घरी वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्रच होतो. फेरीबद्दलचे म्हणणे मान्य. पण त्यातून फेरी बाद होते, मुले नव्हेत. घोषणेपेक्षा त्यांना नोंद ठेवायला द्या: आपल्या इमारतीत कोणत्या दिवशी ओला कचरा किती किलो भरला, किती घरांनी तो वेगळा दिला, गाडीत तो एकत्र झाला का. ‘सगळे एकत्रच करतात’ ही तक्रार तोंडी असते तोवर कोणी दाद देत नाही. तारीखवार लिहिली की तिला उत्तर द्यावे लागते. पालिकेने आपली बाजू सांभाळली तर काय होते, ते वेंगुर्ल्याने दाखवले आहे. तिथे घराघरांतून वर्गीकरण झाले, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस निघाला आणि कचरा डेपोची जागा लोक पाहायला येऊ लागले.

मुलांना फुकटचे सफाई कामगार करू नका, हा इशारा रास्तच आहे. दुसऱ्याचा कचरा हाताळणे हे त्यांचे काम नाही. ते काम करणाऱ्यांना मोबदला आणि मान मिळालाच पाहिजे. पण तो मान शिकवायचा कुठे? पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याचे आवाहन केले. तो ठिपका पाहून कचरावेचक महिलेला पुडी उघडावी लागत नाही. मुलीच्याच नव्हे, मुलाच्याही हातून हा ठिपका काढला जावा, एवढे शाळेने केले तरी नागरिकशास्त्राचा एक धडा पुरा होईल.

उरतो शेवटचा युक्तिवाद: वेष्टने कंपन्या बनवतात, मग घरांना का धरायचे? कंपन्यांना धरायलाच हवे. प्लास्टिकचा कचरा परत घेण्याची जबाबदारी 2016च्या प्लास्टिक कचरा नियमांनी उत्पादकांवर टाकलीच आहे. मात्र कोणाची किती पाकिटे आपल्या गल्लीत साचतात याची मोजदाद असल्याशिवाय ती मागणी हवेतच राहते. तेव्हा शाळांनी पर्यावरण प्रकल्पाचे गुण भित्तिपत्रकाला देणे थांबवावे आणि वर्षभर चालवलेल्या नोंदवहीला द्यावेत. त्या वहीची एक प्रत वॉर्ड ऑफिसात आणि एक सोसायटीच्या सभेत ठेवावी.