गुरांना आधी, माणसांना नंतर

नदीकाठी वस्ती केली म्हणून माणूस आंधळा होतो, हे आपल्याकडे कुणाला सहसा खरे वाटणार नाही. पश्चिम आफ्रिकेत ते पिढ्यान्‌पिढ्या घडत आले. खळाळत्या पाण्यात वाढणारी काळी माशी चावते आणि ऑन्कोसर्का नावाच्या सुतासारख्या जंताची लागण करते. मादी जंत कातडीखालच्या गाठीत दहा-पंधरा वर्षे जगते, लाखो सूक्ष्म पिले सोडते. ती पिले डोळ्यात पोचतात, तिथे मरतात आणि त्या सुजेने बुबुळावर फूल पडते. अंगाला खाज अशी, की रात्र रात्र डोळा लागत नाही. ऐन कर्तेपणी दृष्टी गेलेल्या बापाच्या काठीचे दुसरे टोक पोराच्या हातात येते आणि पोराची शाळा सुटते. सुपीक खोरी सोडून गावेच्या गावे उठून गेली.

जागतिक आरोग्य संघटना या रोगाला 'दुर्लक्षित' रोगांत धरते. आमचा प्रश्न साधा आहे : दुर्लक्ष केले कोणी? यावरचे आयव्हरमेक्टिन हे औषध १९८१ साली बाजारात आले ते जनावरांसाठी. माणसासाठी त्याला मंजुरी मिळाली १९८७ साली. माणसावरच्या चाचण्यांना वेळ लागतो, हे आम्ही जाणतो. पण ज्याच्या मालकाच्या खिशात पैसा आहे त्या गाईमेंढीकडे बाजाराची नजर आधी जाते, हेही आम्ही जाणतो. चवदार तळ्यावर गुराढोरांना मोकळीक होती आणि आमच्या बापजाद्यांना मज्जाव होता. हा अनुभव ज्या समाजाच्या गाठीशी आहे, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मर्क कंपनीने १९८७ पासून हे औषध फुकट दिले. ते तिच्या पदरी टाकलेच पाहिजे. औषध शोधणाऱ्या ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेलही मिळाले. (हेच औषध कोरोनावर म्हणून अठरा वर्षांवरील सर्वांना वाटण्याची घोषणा गोवा सरकारने मे २०२१ मध्ये केली होती, ती कशाच्या आधारावर, हे त्या सरकारलाच ठाऊक!) मात्र या गोळीने पिले मरतात, मोठा जंत मरत नाही. म्हणून ती वर्षातून एकदा-दोनदा, अशी दहा-पंधरा वर्षे द्यावी लागते. १९९५ नंतर आफ्रिकेतल्या गावांनीच आपल्यातली माणसे निवडली आणि खुणा केलेल्या काठीने उंची मोजून घरोघर गोळ्या वाटल्या. जानेवारी २०२५ मध्ये नायजर हा या रोगातून मुक्त झालेला आफ्रिकेतला पहिला देश ठरला. त्याच वर्षी अमेरिकेने आपली यूएसएड ही मदत संस्था मोडीत काढली आणि दुर्लक्षित रोगांसाठीचा तिचा कार्यक्रमही बुडाला. दान देणाऱ्याची मर्जी फिरली की घेणाऱ्याचे हे असे होते. म्हणूनच आम्ही दानाची नव्हे, हक्काची भाषा बोलतो.

विदर्भाला हे दूरचे नाही. हत्तीरोगाचा जंत याच कुळातला. त्याच्यासाठी जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांची मोहीम सुरू झाली. दारात येणाऱ्या आशाताईंसमोर गोळ्या गिळा, टाळू नका, असे आम्ही वाचकांना आग्रहाने सांगतो. पण हत्तीरोगाचा क्युलेक्स डास वाढतो तो तुंबलेल्या नालीत. तुंबलेली नाली कोणत्या वस्तीत असते, हे महापालिकेने आम्हाला शिकवू नये. देशात हत्तीरोगाविरुद्धचा कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. आता उच्चाटनाचे साल २०२७ ठरले आहे. गोळ्यांच्या मोहिमेची छायाचित्रे छापून येतात, तशीच दलित वस्त्यांतल्या बंदिस्त नाल्यांवर किती रुपये मंजूर झाले आणि किती खर्च पडले, याची वस्तीवार यादीही पालिकांनी छापावी. वाचकांनी ती आपापल्या नगरसेवकाकडे लेखी मागावी.