संगणक आहे, सांभाळणारा हवा



दहावीचा निकाल लागला की आमच्या वाणगावात काय किंवा बोईसर-डहाणूकडे काय, घरोघरी फॉर्म भरण्याची धावपळ सुरू होते. 2025 पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर दाखले चढवताना मुलांची दमछाक होते. मुलगा सायबर कॅफेत जाऊन येतो. मुलीला तिथे एकटीला पाठवायला अनेक घरे तयार नसतात. तिच्यासाठी निर्धास्त जागा म्हणजे गावातले सार्वजनिक वाचनालय. अर्थात, तिथला संगणक चालू असेल तर!

कितीतरी वाचनालयांत संगणक असतो, पण कापडाखाली झाकलेला. विचारले तर उत्तर ठरलेले, "बिघडलाय." बिघाड बहुधा किरकोळ असतो. प्रिंटरची शाई सुकलेली, केबल सैल झालेली, नाहीतर पासवर्ड ठाऊक असलेला मुलगा काम सोडून गेलेला. एवढ्याशा कामासाठी हजारोंची वस्तू पडून राहते.

याचा दोष ग्रंथपालांना देऊ नका. आधी हिशेब पाहा. 1967 च्या कायद्याने राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळते आणि त्यासाठी अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ‘ड’ वर्गाला वर्षाला 30 हजार रुपये मिळत. 2022 मध्ये 60 टक्के वाढ जाहीर झाली, म्हणजे 48 हजार. यातला निम्मा भाग पगारासाठी. तो सगळा एकाच माणसाला दिला तरी महिन्याला दोन हजार होतात! तेवढ्यात त्याने पुस्तके द्यायची, नोंदी ठेवायच्या, झाडलोट पाहायची आणि वर संगणकही दुरुस्त करायचा?

सॉफ्टवेअर फुकट मिळते, हे खरे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी 1999 मध्ये ‘कोहा’ तयार झाले आणि ते जगाला मोफत दिले गेले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडे एनआयसीचे ‘ई-ग्रंथालय’ आहे. पण भेट मिळालेले रोपही पाणी घालणाऱ्याशिवाय जगत नाही. सॉफ्टवेअर बसवणे, पुस्तकांच्या यादीची प्रत काढून ठेवणे, नव्या माणसाला शिकवणे, हे सारे माणसानेच करायचे असते.

आणखी एक जोखीम आहे. फॉर्म भरून मुलगी घरी जाते, पण तिचे आधार कार्ड आणि वडिलांचा उत्पन्नाचा दाखला संगणकातच राहतो. दुसऱ्याची कागदपत्रे म्हणजे अमानत. ती रोजच्या रोज पुसली जातात की नाही, हे पाहणारा कोणीतरी हवाच.

मग उपाय काय? प्रत्येक वाचनालयाला स्वतंत्र तंत्रज्ञ परवडणार नाही, पण दहा वाचनालयांना मिळून एक परवडू शकेल. तालुक्यातल्या दहा संस्थांनी महिन्याला पाचशे रुपये काढले, तर पाच हजार होतात. त्यात एक जण दर महिन्याला प्रत्येक ठिकाणी एक फेरी मारील आणि मधल्या काळात फोनवर सांगेल. आयटीआयमधून ‘कोपा’ हा संगणकाचा अभ्यासक्रम केलेल्या मुलामुलींना असे काम देता येईल. मात्र वर्षाचे सहा हजार हा लहान वाचनालयासाठी मोठा बोजा आहे. म्हणून संगणक देताना त्याच्या देखभालीची वेगळी तरतूद सरकारनेच करावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर विनाखर्चाची कामे तरी करू या. एक तक्रारवही ठेवावी. त्यात तारीख, काय बिघडले आणि कोणी दुरुस्त केले, हे लिहावे. पासवर्ड बंद पाकिटात चिटणिसांकडे असावेत. ग्रंथपालांना साधे बिघाड ओळखायला शिकवावे. गावातला एखादा जाणकार तरुण दोन दुपारी दिल्या तरी ते शिकवू शकेल.

मोहल्ल्यात, जमातीत, शाळेत कोणी संगणक दान करतो म्हणाला, तर त्याचे आभार मानाच, पण लगेच पुढचा प्रश्नही विचारा, "वर्षभर याच्याकडे पाहणार कोण?" ज्या दात्याने त्याचीही सोय केली, त्याचे दान मुलींच्या खरोखर उपयोगी पडेल.