चालतंय ना, मग ७७७ कशाला काढायचं?

परवा शुक्रवारी रात्री साडेअकराला फोन. सर्व्हरची डिस्क भरली, कारण लॉगरोटेट संपावर. त्याने कारणही स्वच्छ लिहून ठेवलं होतं: या डिरेक्टरीत कोणीही लिहू शकतो, म्हणून मी इथल्या लॉगना हात लावणार नाही. तीन महिन्यांपूर्वी 'परमिशन डिनाइड' आलं तेव्हा कोणीतरी सीएचमॉड ७७७ मारून घरी गेलं होतं. कोणीतरी म्हणजे अस्मादिकच.

सहकाऱ्याचा उपाय तयार होता. "कॉन्फिगमध्ये 'एसयू रूट रूट' टाक, गप्प बसतं." बसतं खरं! पण ती तपासणी २०११ मध्ये उगाच नाही आली.

फाइल ६४० केली की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण युनिक्समध्ये फाइल उडवणं किंवा तिचं नाव बदलणं हे डिरेक्टरीच्या परवानगीवर ठरतं, फाइलच्या नाही. सोसायटीच्या जिन्याखालचा नावांचा बोर्ड आठवा. तुमच्या फ्लॅटला कितीही कुलपं लावा; बोर्डावर ज्याचा हात पोचतो तो तुमच्या नावापुढे दुसऱ्याचा नंबर लिहून पोस्टमनला तिकडे पाठवू शकतो. इथे पोस्टमन म्हणजे रूट, आणि त्याला कुठलंच दार बंद नाही.

हे पुस्तकी नाही. २०१६ मध्ये डेबियनच्या एन्जिनएक्स पॅकेजमध्ये नेमकं हेच सापडलं (सीव्हीई-२०१६-१२४७). लॉगची डिरेक्टरी वेब सर्व्हरच्या युजरच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या मालकीची होती. वेबसाइटच्या भोकातून आत आलेल्याने लॉग फाइल काढून तिथे एक सिमलिंक ठेवायची, आणि रोजच्या रोटेशनची वाट बघायची. रोटेशननंतर एन्जिनएक्सची रूट म्हणून चालणारी मास्टर प्रोसेस लॉग पुन्हा उघडते, सिमलिंकमागून भलतीकडे फाइल तयार करते, वर ती त्याच युजरच्या नावावरही करून देते! ती फाइल /ईटीसी/एलडी.एसओ.प्रीलोड असेल तर खेळ खल्लास, कारण तिच्यात लिहिलेली लायब्ररी रूटच्या प्रोग्रॅममध्येही शिरते. पासवर्ड फोडायची गरजच नाही, फक्त एका रात्रीचा धीर हवा.

आणि आम्ही तर सगळ्या जगाला ७७७ देऊन बसलो होतो.

असो. शनिवारी डिरेक्टरी रूटच्या नावे ७५५ केली, आणि नवी फाइल अॅप्लिकेशनच्या युजरच्या नावाने बनवायचं काम लॉगरोटेटच्या 'क्रिएट'वर सोपवलं. डिरेक्टरी अॅप्लिकेशनकडेच ठेवणं भाग असेल, तर 'एसयू'पुढे त्याच युजरचं नाव लिहावं, रूटचं नाही. दहा मिनिटांचं काम.

आता बाकीचे अकरा सर्व्हर उघडून बघायचेत. तिथेही ते 'कोणीतरी' येऊन गेलं असणार, अशी दाट शंका आहे.