व्होल्ट, अँपिअर आणि घरांतील न्याय

विजेचें बिल आलें कीं पुष्कळ एकत्र कुटुंबांत एक लहानशी न्यायसभा भरते. कोणी म्हणतें, मुलांनीं अभ्यासाचा दिवा रात्रभर जाळला; कोणी धाकट्या सुनेच्या इस्त्रीकडे बोट दाखवितें; आणि पाणी तापावयास उशीर झाला, तर तोही दोष तिच्याच पदरीं पडतो. या सभेंत साक्षीदार पुष्कळ, पुरावा मात्र कोणाजवळच नसतो. वस्तुतः ज्यास गुणाकार व भागाकार येतो, त्यास तो पुरावा स्वतःच काढतां येईल. या खेपेस तोच वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वीज तारेंतून ज्या जोरानें ढकलली जाते तो दाब. त्याचें माप व्होल्ट. आपल्या देशांत घरगुती विजेचा दाब 230 व्होल्ट ठरविलेला आहे. तारेंतून जो ओघ वाहतो तो प्रवाह. त्याचें माप अँपिअर. आणि त्या ओघास होणारी अडवणूक म्हणजे रोध. त्याचें माप ओहम. या तिहींचा संबंध जर्मनींतील जॉर्ज सायमन ओहम यांनीं 1827 सालीं ग्रंथरूपानें मांडला. हे गृहस्थ एका कुलुपें करणाऱ्या कारागिराचे चिरंजीव, आणि पेशानें शिक्षक. मायदेशीं त्यांच्या ग्रंथाचें प्रथम थंडच स्वागत झालें. पुढें 1841 सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें कोप्ली पदक देऊन त्यांचा गौरव केला. आमच्या पेशांतील माणसाचें नांव आज रोधाच्या मापास लागलें आहे, याचा आम्हांस थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनीं तो क्षम्य मानावा.

आतां उदाहरण घेऊं. पाणी तापविण्याच्या विजेच्या दांड्यास 230 व्होल्टचा दाब लावला असतां त्यांतून 5 अँपिअर प्रवाह वाहतो, असें समजा. दाबास प्रवाहानें भागिलें कीं रोध मिळतो: 230 भागिले 5, म्हणजे 46 ओहम. दाबास प्रवाहानें गुणिलें कीं शक्ति मिळते: 230 गुणिले 5, म्हणजे 1150 वॅट. एक हजार वॅट एक तास चालले कीं बिलांतील एक युनिट होतें; म्हणून हा दांडा तासाभरांत 1.15 युनिट वीज खातो. तेवढीच वीज खावयास 9 वॅटच्या एलईडी दिव्यास जवळजवळ 128 तास लागतील! अभ्यासाच्या दिव्यावरील आरोप येथेंच निकालांत निघाला.

आतां पाण्याच्या उशिराकडे वळूं. कित्येक ठिकाणीं सकाळीं आळींतील सारे गीझर एकदम सुरू झाले कीं दाब उतरतो. तो 184 व्होल्टवर आला असें धरूं. दाब एकपंचमांशानें घटला, तर शक्तीही तेवढीच घटेल, असें त्रैराशिक कोणीही मांडील, आणि तेथेंच फसेल. कारण दांड्याचा रोध 46 ओहमच राहतो, व त्यामुळें प्रवाहही उतरून 184 भागिले 46, म्हणजे 4 अँपिअर होतो. शक्ति उरली 184 गुणिले 4, म्हणजे 736 वॅट. एकतृतीयांशाहून अधिक जोर गेला! वाया जाणारी उष्णता सोडून दिली, तर 20 लिटर पाणी 20 अंशांनीं तापविण्यास पूर्ण दाबावर सुमारें 24 मिनिटें लागतात. उतरलेल्या दाबावर सुमारें 38. हीं चौदा मिनिटें सुनेच्या आळसाचीं नव्हेत, दाबाचीं आहेत.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. प्रवाहाचा वर्ग करून त्यास रोधानें गुणिलें, तरी उष्णतेची शक्ति मिळते. इंग्लंडांतील जेम्स जूल यांनीं हा नियम 1841 सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील 'वर्ग' या शब्दाकडे लक्ष द्यावें. सॉकेटमधील सैल जोडाचा रोध अवघा अर्धा ओहम आहे, असें धरा. त्यांतून 2 अँपिअर गेले तर तेथें 2 वॅट उष्णता. 10 अँपिअर गेले तर 50 वॅट! प्रवाह पांचपट, ताप पंचवीसपट. ती उष्णता अंगठ्याएवढ्या जागेंत कोंडते, प्लग वितळतो, आणि एका सैल स्क्रूपायीं घरास आग लागूं शकते. प्लग गरम लागला, काळा पडला किंवा चरचरूं लागला, तर मुख्य बटण बंद करून जाणत्या वायरमनास बोलवावें.

लहान सॉकेट 6 अँपिअरचा, म्हणजे 230 व्होल्टवर 1380 वॅटपर्यंतचा असतो. त्यास जोडपट्टी लावून 1000 वॅटची इस्त्री व आपला 1150 वॅटचा दांडा एकदम चालविला, तर 2150 भागिले 230, म्हणजे 9.3 अँपिअर होतात. बिलाची भीति पुढच्या महिन्याची. ही भीति आजची आहे.

एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, हा हिशेब दांडा, इस्त्री, गीझर अशा नुसती उष्णता देणाऱ्या उपकरणांस सरळ लागतो. पंखा, पंप यांच्या बाबतींत दाब व प्रवाह यांचा गुणाकार खऱ्या शक्तीपेक्षां अधिक येऊं शकतो. तेथें उपकरणावर छापलेले वॅटच धरावे. चालू तारेंत मोजमाप घरांतील मंडळींनीं करूं नये. छापलेले वॅट वाचावे, त्यांस 230 नें भागावें, कीं प्रवाह कळतो.

बालवाचकांसाठीं एक उदाहरण: एका दांड्यावर '230 व्होल्ट, 1500 वॅट' असें छापलें आहे. त्याचा प्रवाह किती, रोध किती, आणि तो 6 अँपिअरच्या सॉकेटांत लावावा कीं 16 अँपिअरच्या? उत्तर पुढील अंकीं देऊं. तोंवर वडील मंडळींनीं तें मुलांस सांगून टाकूं नये, ही विनंती.